आ करा, बाई

डॉक्टर : अजून थोडं मोठं. आ करा, बाई. हं. आता खरं सांगा, दिवसाला किती?

बाई : किती काय?

डॉक्टर : गोळ्या. हिरडीच्या कडेला चार दात किडलेत आणि चारही उजवीकडचेच. त्या गालात तुम्ही काहीतरी धरून ठेवता.

बाई : अहो, त्या घशाच्या गोळ्या आहेत. खाऊच्या नव्हेत. चाळीस मुलांपुढे दिवसभर बोलायचं म्हणजे घसा बसतो. एक गालात ठेवली की तास निघून जातो.

डॉक्टर : तासाला एक. म्हणजे सहा.

बाई : सात. एक घरी जाताना.

डॉक्टर : किती वर्षं चाललंय हे?

बाई : अकरा. बारा धरा.

डॉक्टर : पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाचलंत कधी? पहिलं नाव साखरेचं असतं.

बाई : पण मी दोनदा दात घासते. सकाळी आणि रात्री, एक दिवस चुकत नाही. शाळेत मुलांच्या दातांची तपासणी मीच घेते, रोज, पहिल्या तासाला.

डॉक्टर : मग दिव्याखाली अंधार झाला म्हणायचा. घासता म्हणून बाकीचे वाचलेत, ते तुमचं श्रेय. पण गोड तोंडात आलं की पुढचा अर्धा तास तोंडात आंबट तयार होत राहतं आणि दात त्यात भिजत बसतात. तुमचे शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत भिजतात. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते दाताला जास्त लागतं.

बाई : कुणाला सांगू नका म्हणजे झालं.

डॉक्टर : मी कुणाला सांगायला जाते? ताई, इंजेक्शन द्या इकडे. बाई, जरा टोचेल. श्वास सोडा. झालं. आता ही बाजू जड होईल, ओठ, जीभ, सगळं. दहा मिनिटं अशाच बसा. पलीकडच्या खोलीत एका आजोबांच्या कवळीचं माप घ्यायचंय, ते घेऊन येते. ताई आहेत इथे. आणि ओठ चावू नका, कळणारसुद्धा नाही तुम्हाला.

बाई : तुमच्या डॉक्टरीणबाई फटकळ आहेत हो.

ताई : मनानं चांगल्या आहेत. मान अशी मागे टेकवा.

बाई : तुम्ही हसत असाल त्या मास्कच्या आत. शाळेतली बाई, आणि तोंडात ही अवस्था.

ताई : मी हसत नाहीये.

बाई : बरं. पण माझी तपासणी तुम्ही एकदा बघायला हवी. माझ्याकडे एक छोटी बॅटरी आहे. रांगेत उभं करायचं, आ करायला लावायचं, दात स्वच्छ असले तर तक्त्यावर नावापुढे चांदणी. पालक येऊन सांगतात, तुमच्या धाकानं पोरगं रात्री घासायला लागलं. घरचे सांगून दमतात, ते मी आठ दिवसांत करून घेते.

ताई : आणि स्वच्छ नसले तर?

बाई : तर चांदणी नाही. आणि फारच झालं तर वर्गाला दाखवायचं.

ताई : दाखवायचं म्हणजे?

बाई : याच महिन्यातली गोष्ट सांगते. एक मुलगी आहे, पहिलीतली. वर्षाच्या मध्येच आली आमच्याकडे. तोंड म्हणून उघडायची नाही. हसली तरी ओठ मिटून. तपासणी आली की हिला शौचालयाला जायचं असायचं. त्या दिवशी म्हटलं, आज काही सोडत नाही. बॅटरी मारली तर वरचे पुढचे चार दात काळे. दात कसले, नुसते खुंट. सहा वर्षांची पोर, काय सांगू.

ताई : मग?

बाई : मग खुर्चीवर उभी केली तिला. म्हटलं, मुलांनो, रात्री दात न घासता झोपलं की काय होतं ते एकेकानं येऊन बघून जा. दुसऱ्या दिवशी वर्ग कसा लखलखत होता. पुस्तकातल्या चित्रानं जे होत नाही ते असं डोळ्यांनी बघितलं की होतं.

ताई : रडली ती?

बाई : तेच तर. टिपूस नाही. मुलखाची हट्टी. मी विचारलं, आई काय करते तुझी? मान खाली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. छे. मग माझ्या तोंडून गेलं, काही करत नसेल आई, म्हणून तर ही दशा. मुलं हसली जराशी. अहो, माझी जीभ जाड झाली का? माझंच बोलणं मला दुसऱ्याचं वाटतंय.

ताई : होतं तसं. औषध लागू पडतंय.

बाई : तर काय सांगत होते... घरी लक्ष नसतं लोकांचं. दोष मुलांचा नसतो.

ताई : खुर्चीवर किती वेळ होती?

बाई : घंटा होईपर्यंत असेल. का हो?

ताई : ती म्हणाली, खूप वेळ. तिला अजून घड्याळ कळत नाही, म्हणून तुम्हाला विचारलं.

बाई : ती म्हणजे?

ताई : माझी मुलगी आहे ती, बाई.

बाई : तुमची?

ताई : उठू नका. गरगरेल. टेका मागे.

बाई : पण तुम्ही... पालकसभेला तर दुसऱ्याच...

ताई : माझी बहीण येते. मला दवाखाना असतो. तुम्हाला मात्र मी आत आल्याबरोबर ओळखलं. वर्गाचा फोटो आहे घरी, तुम्ही मधोमध बसलाय. चिऊनं फोटोत स्वतःवर कागद चिकटवलाय. आधी मला वाटलं खेळली असेल.

बाई : नऊ दिवस झाले ती आली नाही. पोट दुखतंय अशी चिठ्ठी...

ताई : चिठ्ठी मी लिहिली. पोट काही दुखत नाही तिचं. सकाळी दप्तर दिसलं की आतल्या खोलीत जाते आणि दाराला पाठ लावून बसते. जेवते तीही भिंतीकडे तोंड करून. आणि दात घासते. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. परवा ब्रश लाल झाला तेव्हा मी तो कपाटावर ठेवून दिला. दाताच्या दवाखान्यात काम करणारी बाई मी, बाई. पोरीपासून ब्रश लपवते.

बाई : मला माहीत नव्हतं हो... मला नीट बोलता येत नाहीये.

ताई : नका बोलू. डॉक्टर आल्या.

डॉक्टर : झालं माप. आजोबा म्हणतात कवळी अशी द्या की हसताना सोन्याचा दात दिसला पाहिजे. सोन्याचा दात त्यांना कधी नव्हताच. बघू बाई, ओठ जड झाला? इथे टोचलं तर कळतंय? नाही ना? छान. आ करा. ताई, लाळ ओढा.

ताई : हो.

डॉक्टर : एवढं काय पाणी येतंय डोळ्यातून? दुखतंय?

बाई : अं-अं.

डॉक्टर : दुखत नाही तर मग भीती असेल. मुलांना भीती घालणाऱ्याला ड्रिलची भीती वाटावी ना थोडी. गंमत करते हो. तोंड मिटू नका. ताई, नळी जरा मागे. तुमचं लक्ष कुठे आहे आज?

ताई : इथेच आहे.

डॉक्टर : जेवलात का दुपारी? नसालच. लोकांना जेवणाच्या वेळा सांगायच्या आणि स्वतः चहावर राहायचं. आ, बाई, आ. अजून थोडं. हा एक भरला. आता शेजारचा. तुमचे विद्यार्थी तुम्हाला असं बघतील तर काय म्हणतील?

बाई : अं...

डॉक्टर : झालं. दोन आज, दोन पुढच्या आठवड्यात. चूळ भरा. सांडेल, सांडू द्या, ओठाला कळत नाहीये अजून. आता काय पाळायचं ते ताई सांगतील. माझं कुणी ऐकत नाही, त्यांचं सांगणं पेशंटला पाठ होतं. सांगा ताई.

ताई : त्यांना माहीत असेल सगळं.

डॉक्टर : माहीत असतं तर इथे आल्या असत्या का? सांगा.

ताई : रात्री झोपताना आणि सकाळी, असं दोनदा घासायचं. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जोर लावायचा नाही. पेस्ट थुंकून टाकायची, पण खळखळून चूळ भरायची नाही, थोडी दातांवर राहू द्यायची. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. गोड खायचंच तर जेवणाबरोबर खायचं, मधे मधे चघळायचं नाही. घशासाठी गोळीऐवजी जवळ पाणी ठेवायचं. आणि...

डॉक्टर : आणि?

ताई : बस, एवढंच.

डॉक्टर : औषधाचं राहिलं की. बाई शिक्षिका आहेत, चार पालकांना सांगतील.

ताई : आणि घरात लहान मूल असेल, त्याला पातळ गोड औषध चालू असेल, तर डॉक्टरांना बिनसाखरेचं आहे का विचारायचं. नसेल तर घासायच्या आधी द्यायचं. रात्री घासून झाल्यावर... झोपेत द्यायचं नाही. द्यावं लागलंच तर उठवून वर पाणी पाजायचं. झोपेत लाळ कमी होते. साखर रात्रभर दातांवर बसून राहते.

डॉक्टर : बघा. चार वर्षं रोज सांगतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी जाते, आजोबा हाका मारतायत. ताई, बाईंना पाच मिनिटं बसवून मगच सोडा.

बाई : चार वर्षं?

ताई : हो.

बाई : म्हणजे तिचे दात...

ताई : औषधानंच गेले. छातीचं दुखणं होतं तिला, चार वर्षांची असताना सव्वा वर्ष औषध चाललं. जागेपणी थुंकून टाकायची. मग मी काय करायची, दात स्वच्छ घासून झोपवायची आणि गाढ झोपली की चमचा हळूच गालात रिकामा करायची. झोपेतच गिळायची बिचारी. एक रात्र चुकवली नाही मी, ना घासणं, ना औषध. तुम्ही वर्गाला सांगितलंत की ती न घासता झोपते. ते तेवढं खोटं होतं, बाई. बाकी सगळं खरं.

बाई : पण तुम्ही इथे असून...

ताई : विचारा. मी स्वतःला रोज विचारते. मला वाटायचं औषध म्हणजे औषध. खाऊ थोडाच आहे.

बाई : मीही मघाशी हेच म्हटलं.

ताई : ऐकलं मी.

बाई : मग या डॉक्टरांना दाखवलं नाहीत तिला?

ताई : त्यांना माहीतच नाही. काय तोंडानं दाखवू? त्या चारचौघांत सांगतात, आमच्या ताईंचं ऐका म्हणून. दुसरीकडे नेलं होतं, लांब. तिथे त्यांनी विचारलं, आई काय करते? मी म्हटलं, घरीच असते. चिऊ शेजारी उभी होती. बाहेर आल्यावर तिला म्हटलं, मी कुठे काम करते ते कुणाला सांगायचं नाही हं. शाळेत तर अजिबात नाही. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, लोक हसतील. तुम्ही तीनदा विचारलंत ना तिला, आई काय करते तुझी म्हणून? हट्टी नाहीये ती. मी सांगितलेलं पाळलं तिनं. खुर्चीवर उभी राहून, सगळी मुलं तोंडात डोकावत असताना, तिनं माझी लाज झाकली. आणि घरी येऊन म्हणाली, आई, मी सांगितलं नाही. शाबासकी हवी होती तिला.

बाई : दिलीत?

ताई : दिली. काय करणार. दिली.

बाई : ताई, मला तिची माफी मागायचीय. आज संध्याकाळी घरी येते मी.

ताई : घरी नको. घरी तिला कुणी खुर्चीवर उभं केलं नव्हतं.

बाई : खरं आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, आयुष्यभर हेच केलं मी. आज जीभ जाग्यावर नाही तेव्हा कळतंय. बारा वर्षं पोरांच्या तोंडात बॅटरी मारते आणि माझ्याच गालात गोळी. तपासणी करतानासुद्धा असायची हो. त्या दिवशीही असेल. तिला आ करायला लावलं तेव्हा माझ्या तोंडात साखर होती.

ताई : रुमाल घ्या. हनुवटीवर ओघळ आलाय.

बाई : मला कळलंच नाही.

ताई : अजून तासभर नाही कळणार.

बाई : उद्या पाठवा तिला.

ताई : येणार नाही ती. तुम्ही नऊ दिवसांत एकदा विचारायला आला असतात तर कदाचित.

बाई : मग उद्या पहिल्या तासाला त्याच खुर्चीवर मी उभी राहते. बॅटरी मुलांच्या हातात देते. दोन भरलेले बघा म्हणते, दोन किडलेले बघा, आणि कशानं किडले तेही सांगते. गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवते. तिला वर्गात बसवलं नाही तरी चालेल. दाराबाहेर उभं करा. तिथून दिसेल तिला.

ताई : मुलं हसतील तुम्हाला.

बाई : हसतीलच. मी शिकवलंय त्यांना हसायला.

ताई : बाकीच्या शिक्षिकाही बघतील. मुख्याध्यापकही.

बाई : तुम्ही मला भीती घालताय का?

ताई : नाही. तुम्ही बाहेर पडल्यावर मागे फिराल, म्हणून आत्ताच सांगते. मला ठाऊक आहे कसं होतं ते. मी तीनदा शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलेय.

बाई : मग उद्या फाटकाच्या आत या. माझ्याबरोबर. या दवाखान्याच्या कपड्यात. मघाशी डॉक्टरांपुढे सांगितलंत ना, ते सगळं मुलांना सांगा. मला धाक घालता येतो, तुमच्यासारखं सांगता येत नाही.

ताई : मी? नको बाई. मग कळेलच सगळ्यांना.

बाई : काय?

ताई : की मी इथे असते. आणि पोरीचं तोंड असं. पहिला पालक हेच म्हणेल. डॉक्टरांच्याही कानावर जाईल.

बाई : जाईल. माझ्यावरही जे यायचं ते येईल. पण मी एकटी उभी राहिले तर नुसती माफी मागितल्यासारखं होईल, ताई. ती पोर तिथे गप्प उभी राहिली होती. तिला बोलायला मिळालं पाहिजे. मी पुन्हा विचारेन तिला, चौथ्यांदा. नीट विचारेन. आई काय करते तुझी? आणि तुम्ही तिथे असाल तर तिला झाकायला काही उरणार नाही.

ताई : मला विचार करू द्या.

बाई : करा. साडेनऊला तास सुरू होतो. ... बाहेर लोक बसलेत का?

ताई : चार-पाच जण आहेत.

बाई : तोंड वाकडं दिसतंय माझं?

ताई : एका बाजूनं. थोडं.

बाई : हात धरून गेले तर बरं दिसेल?

ताई : धरा. चिऊ असाच धरते. पायरी आहे तिथे, बाई. सांभाळून.

(थोड्या वेळानं. दवाखान्याची मागची खोली, उकळत्या पाण्यातून काढलेली अवजारं फडक्यावर वाळत घातलेली. फोन.)

ताई : चिऊ? मावशी आहे ना जवळ?

चिऊ : आहे. कपड्यांच्या घड्या करतेय. आई, ब्रश कुठे ठेवलास?

ताई : सकाळी घासलेस ना? मग आता रात्री. मी आल्यावर दोघी घासू. हळूच, जोर न लावता.

चिऊ : बरं.

ताई : चिऊ, आज तुझ्या बाई आल्या होत्या आमच्याकडे.

चिऊ : ...कशाला?

ताई : त्यांचे दात किडलेत. चार.

चिऊ : बाईंचे?

ताई : हो. आ करून बसल्या होत्या इथे, खुर्चीवर. रडल्या पण.

चिऊ : तू दाखवलंस सगळ्यांना?

ताई : नाही गं. कुणालाच नाही दाखवलं. उद्या त्या स्वतःच दाखवणार आहेत, वर्गात. आपण जायचं का बघायला? मी येईन तुझ्याबरोबर. दाराशी उभ्या राहू.

चिऊ : तू दवाखान्यात नाही जाणार?

ताई : उशिरा जाईन. दवाखान्याच्याच कपड्यात येईन.

चिऊ : मग सगळ्यांना कळेल.

ताई : कळू दे. बाई तुला पुन्हा विचारणार आहेत, आई काय करते तुझी.

चिऊ : मी गप्प बसेन. मला येतं.

ताई : नको. या वेळी सांग. मोठ्यानं सांग.

चिऊ : पण मग ते म्हणतील, तुझ्या आईला दातांचं माहीत कसं नव्हतं?

ताई : मला माहीत होतं, चिऊ. दमून यायचे. तू एकदा झोपलीस की उठवायचा कंटाळा यायचा मला. उठवलं की रडायचीस, मग खोकायचीस, मग मलाही झोप नाही. म्हणून नाही उठवलं.

चिऊ : हे पण सांगायचं?

ताई : नाही. ते मी सांगते.